भाट्याच्या समोर कोण राहतं? आणि वाचकांच्या बाकीच्या शंका

श्रावणाच्या अंकाला प्रश्न जास्त येतात हा माझा नेहमीचा अनुभव. होड्या वर ओढून शाकारलेल्या, बाहेर धो धो, लाईट कधी जाईल नि कधी येईल काही नेम नाही, मोबाईलला रेंज नाही, मग माणसं पडवीत बसून एकमेकांशी पैजा मारतात आणि निवाडा करायला आमच्याकडे पाठवतात. यावेळी तर ढीगच आलाय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, ज्या प्रश्नांत दम होता ते घेतलेत. "जगातला सर्वात छोटा देश कुठला" टाईपचे बाजूला ठेवलेत, ते मुलांच्या गाईडमधे असतात (व्हॅटिकन. झालं समाधान?).

नवीन वाचकांसाठी एकदा सांगून टाकतो, मी प्रोफेसर वगैरे कोणी नाही. बोटीवर होतो, इंजिनरूममधे, आयुष्य तेला-ग्रीसमधे गेलं, बंदरं मात्र खूप बघितली, आणि आता रिटायर होऊन घरी नकाशे उलगडून बसतो. बायको म्हणते आधी बोटीने नेलं नि आता नकाशाने.

आधी माझी चूक. मागच्या अंकात मी लिहून गेलो की १६६१ साली पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली आणि कंपनीने ती लगेच भाड्याने घेतली. अलिबागच्या एका वकीलबाईंनी कान पकडलाय. बरोबर आहे त्यांचं. १६६१ हे लग्नाच्या कराराचं साल, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या. बेट प्रत्यक्ष ताब्यात यायला १६६५ उजाडलं आणि कंपनीला ते १६६८ मधे मिळालं, वर्षाला १० पौंड भाड्याने. आता चूक कबूल केलीच आहे तर व्याज म्हणून एक गोष्ट सांगतो, त्याच आंदणात अजून एक बंदर होतं, मोरोक्कोतलं टँजियर. इंग्रजांना त्या वेळी तेच जास्त मोलाचं वाटत होतं, त्याच्यावर पैसा ओतला, आणि १६८४ मधे कंटाळून सोडून दिलं. हे आपलं डासांचं बेट मात्र ठेवलं.

"भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहून नाकासमोर बघितलं तर पलीकडे कुठला देश? बाबा म्हणतात आफ्रिका, आजोबा म्हणतात अरबस्तान. शंभर रुपयांची पैज आहे." — इयत्ता आठवी, रत्नागिरी

आजोबांना शंभर रुपये दे बाळा, आणि बाबांना सांग नकाशा घेऊन बस.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तीच रेघ धरून पश्चिमेला सरळ जात राहिलं तर सुमारे २००० किलोमीटरवर जमीन लागते ती ओमानची, तिथल्या धोफार भागाची. मिरबात नावाचं जुनं बंदर तिथे आहे आणि त्याच्या थोडं पुढे सलालाह हे मोठं शहर, दोन्ही रत्नागिरीच्याच अक्षांशावर, म्हणजे अक्षरशः समोरचं घर. मधे एक खडक सुद्धा नाही.

आता यातली खरी गंमत ऐक. मी पहिल्यांदा सलालाहला लागलो ते जुलै महिन्यात. अरबस्तान म्हटल्यावर डोक्यात काय असतं, वाळू, ऊन, उंट. इंजिनरूममधून वर आलो तर बाहेर धुकं, बारीक भुरभूर, आणि समोरचे डोंगर हिरवेगार, अगदी आपल्या आंबा घाटासारखे. संध्याकाळी गावात गेलो तर रस्त्याच्या कडेला झावळ्यांच्या टपऱ्या, केळीचे घड लटकवलेले, पपया मांडलेल्या, आणि शहाळी! कोयत्याने तासून स्ट्रॉ घालून देतात. माझ्याबरोबर गुहागरचा एक ऑइलमन होता, तो काही बोललाच नाही, दोन शहाळी प्यायला नि तिसरं मागितलं.

हे असं का होतं तर आपल्याकडे पाऊस आणणारा जो नैऋत्येचा वारा आहे तोच त्यांच्या किनाऱ्याला घासून येतो. त्या वाऱ्याने तिथला समुद्र ढवळला जाऊन तळाचं गार पाणी वर येतं, त्या गार पाण्यावर हवेतली वाफ थिजते, धुकं होतं, आणि ते धुकं मागच्या डोंगरांना अडून भुरभुरतं. वर मात्र वाळवंटाकडून आलेली गरम कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते म्हणून ढग उंच वाढत नाहीत नि आपल्यासारखा मुसळधार कोसळत नाही. त्यांचा अख्ख्या वर्षाचा पाऊस शंभर-सव्वाशे मिलिमीटर, आपला तीन हजारांच्या वर. डोंगर उतरून पलीकडे गेलं की रुब अल-खाली, जगातल्या सगळ्यात मोठ्या वाळूच्या वाळवंटांपैकी एक. एका डोंगराच्या अलीकडे शहाळं नि पलीकडे रेती.

आणि त्या मोसमाला ते म्हणतात "खरीफ". ओळखीचा वाटला ना शब्द? आपला खरीप तोच. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू, आपल्याकडे शरदात हाती येणाऱ्या पिकाला तो चिकटला. रब्बी म्हणजे तसंच वसंत. मान्सून हा शब्द सुद्धा अरबी मौसिमवरून निघाला. आणि धोफारचे लोक हजारो वर्षं जगाला जे विकत आले ते म्हणजे लोबान, झाडाच्या सालीला चीर देऊन गोळा केलेला चीक, रोमच्या देवळांपर्यंत जायचा, तो लोबान शब्द सुद्धा त्यांचाच. आपल्या सातबाऱ्यावर नि देवघरात समोरच्या घरचे शब्द बसलेत नि आपण त्यांना परके समजतो.

"मालवणातसून होडी नाकासमोर दक्षिणेक घातली तर ती खंय लागतली?" — एक रापणकर, मालवण

वरच्या पोराचा प्रश्न नि तुमचा एकाच दिवशी आला, गंमत आहे. लागतली मालेक! मालदीवची राजधानी. मालवणचा रेखांश साडेत्र्याहत्तर अंशाच्या किंचित आत, मालेचा साडेत्र्याहत्तर. लक्षद्वीपच्या बेटांमधून वाट काढत सुमारे तेराशे किलोमीटर. तिथली भाषा दिवेही, ती आपल्या मराठीच्याच भारतीय आर्य कुळातली, आणि जगभर भूगोलाच्या पुस्तकात जो "अॅटॉल" शब्द आहे ना, कंकणासारखं प्रवाळाचं बेट, तो याच भाषेतून गेलाय.

आता समजा तुम्ही मालदीवची बेटं चुकवून तसेच खाली गेलात, विषुववृत्त ओलांडलं, तर मग पार ५३ अंश दक्षिणेपर्यंत काही नाही, आणि तिथे बरोब्बर तुमच्या रेषेवर हर्ड नावाचं बेट. ऑस्ट्रेलियाच्या मालकीचं, जिवंत ज्वालामुखी आहे, बर्फ आहे, पेंग्विन नि सील आहेत, माणूस एकही नाही. २०२५ च्या एप्रिलमधे अमेरिकेने देशोदेशींच्या मालावर टॅरिफ लावला त्या यादीत या बेटाचं पण नाव होतं, दहा टक्के. पेंग्विन काय एक्स्पोर्ट करत होते देव जाणे. त्याच्याही खाली गेलात तर अंटार्क्टिका, आणि तुमच्या रेषेपासून जरासं पूर्वेला आपलं भारती स्टेशन, २०१२ पासूनचं. म्हणजे शेवटी चहा आपल्याच माणसांकडे मिळेल.

"कोळंबीच्या नावाचा देश आहे असं कुणीतरी सांगितलं. थाप ना?" — देवगड

थाप नाही. कॅमेरून. पंधराव्या शतकात पोर्तुगीज तिथल्या वोरी नदीच्या मुखाशी पोचले, पाण्यात कोळंब्यांचे थवेच्या थवे दिसले, म्हणून नदीला नाव दिलं "रिओ दोस कमरॉइश", कोळंब्यांची नदी. पुढे तेच देशाला चिकटलं. पोर्तुगीजांचं सगळं असंच, दिसलं ते नाव. सिएरा लिओन म्हणजे सिंहाचे डोंगर. स्पॅनिश लोकही तसेच, एक्वाडोर म्हणजे सरळ विषुववृत्त. आपल्या देवगडला ते टिकले असते तर काय नाव पडलं असतं ते तुम्हीच ठरवा.

"आमची आजी 'शनिवार तेल्यां'बद्दल सांगायची. कोण हे लोक आणि गेले कुठे?" — पेण

कोळंबीवरून लगेच यांच्याकडे येणं बरं, कारण हे लोक कोळंबी खात नाहीत. बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेत अशी गोष्ट आहे की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, त्यांचा वंश वाढला. घाण्यावर तेल गाळायचा धंदा धरला, आणि धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. मासळीत खवला नि पर असलेलीच चालते, म्हणजे सुरमई-पापलेट खुशाल, पण कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी वर्ज्य. कोकणात राहून हा नियम पाळणं म्हणजे काय तपश्चर्या आहे ते आपल्यालाच कळेल.

आडनावं बघा, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, गावाला "कर" लावायची आपलीच पद्धत. नवस फेडायला मलिदा करतात, त्यात पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, प्रेषित एलिजाच्या नावाने. १९४८ ला इस्राएल झाल्यावर बहुतेक जण हळूहळू तिकडे गेले, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत. तिकडे सुरुवातीला धर्मगुरूंनी शंका काढली की हे खरे ज्यू का, त्यावर यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मधे सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. इस्राएलमधून "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. तुमच्या आजीच्या ओळखीतलं कुणी तिकडे असेल तर आश्चर्य वाटायला नको.

"थिबा राजाला रत्नागिरीतच का आणून ठेवलं? आणि त्याच्या माणसांचं पुढे काय झालं?" — कॉलेजची विद्यार्थिनी, चिपळूण

या प्रश्नाला मी थोडी जास्त जागा घेणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं, कारण थिबा पॅलेस बघायला शाळेच्या सहली येतात नि मुलं तिथल्या माडीवरून खाडीचे फोटो काढून परत जातात, राजा कोण होता ते कुणी विचारत नाही.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, मंडालेत त्याची राजधानी. १८८५ च्या नोव्हेंबरमधे इंग्रजांनी चढाई केली आणि पंधरवड्यात खेळ संपला. कारण काय दाखवलं तर सागवान! बॉम्बे बर्मा नावाची लाकडाची कंपनी, नावातच आपली मुंबई, तिने ओंडके जास्त नेले नि महसूल कमी भरला म्हणून राजाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोकला. त्या दंडाचं निमित्त. खरं दुखणं असं होतं की राजा फ्रेंचांशी बोलणी करत होता आणि फ्रेंच तर जवळच्या व्हिएतनाममधे येऊन बसलेच होते. राजा-राणीला राजवाड्यातून काढून बैलगाडीत घालून नदीवरच्या बोटीपर्यंत नेलं, लोक रस्त्यात रडत होते. आधी मद्रासला ठेवलं, आणि १८८६ च्या एप्रिलमधे रत्नागिरीला आणलं.

रत्नागिरीच का, तर आडबाजू म्हणून. तेव्हा रेल्वे नाही, घाट उतरून येणं म्हणजे दिवस जायचे, एकच खरा रस्ता तो समुद्राचा नि पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे चार महिने आपोआपच कुलूप. (रेल्वे आपल्याला मिळायला पुढे ११० वर्षं लागली, इंग्रजांची निवड किती अचूक होती बघा!) पहिली चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांतच राहिला, आज आपण बघतो तो तीन मजली वाडा १९१० ला पुरा झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरमधे राजा गेलाच. म्हणजे ज्याच्या नावाचा पॅलेस त्याला तो जेमतेम सहा वर्षं मिळाला. जन्माने राजा, पण आयुष्याची तीस वर्षं रत्नागिरीकर. राणी सुपयालात नि मुलींना १९१९ मधे परत जायची परवानगी मिळाली, राणी १९२५ ला रंगूनमधे वारली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परतली ती कायमची, तिचा संसार नि तिची लेक इथलीच झाली, मराठी बोलणारी. राजाची समाधी आपल्याकडेच आहे, २०१२ मधे म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन नमस्कार करून गेले.

आता नकाशावर याची उलटी बाजू बघ. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर, त्याला १८५८ मधे कुठे पाठवलं? रंगूनला. १८६२ ला तो तिथेच गेला, कबर तिथेच. म्हणजे आपला शेवटचा बादशहा त्यांच्या मातीत नि त्यांचा शेवटचा राजा आपल्या मातीत, अदलाबदल. आणि ही काही एकदाच सुचलेली युक्ती नव्हती, इंग्रजांची पद्धतच ती. श्रीलंकेतल्या कँडीचा शेवटचा राजा १८१५ मधे पकडला, त्याला वेल्लोरला ठेवला. घानामधल्या असांतेंचा राजा प्रेंपे, त्याला १९०० मधे सेशेल्स बेटांवर, त्याला निदान १९२४ ला घरी जायला मिळालं. नेपोलियन सेंट हेलेनावर हे तर सगळ्यांना माहीत. राजा मारायचा नाही, मारला की हुतात्मा होतो, त्याला अशा ठिकाणी न्यायचा की जिथे त्याची भाषा कुणाला येत नाही. पहिल्या पावसाळ्यात त्या वाड्याबाहेर बेडकं ओरडत असतील तेव्हा त्या राणीला काय वाटलं असेल असं मला दर वर्षी मृग लागला की वाटतं.

"जंजिरा हा शब्द साखळीवरून आलाय असं गाईड सांगतो. पटत नाही." — मुरुड

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. फारसीत जंजीर म्हणजे साखळी खरी, पण आपला जंजिरा हा अरबी "जझीरा", बेट. हबसाण हा शब्द त्या मुलखाला लावायचे कारण सिद्दी आले हबश देशातून, म्हणजे आजचा इथिओपिया नि त्याच्या आसपासचा भाग. आणि सिद्दी हा मूळ मान द्यायचा शब्द, अरबी सय्यिदी, "माझे धनी". स्पेनचा जो जुना वीर एल सिद, त्याच्या नावातला सिद पण तोच. एकाच शब्दाचा एक माणूस स्पेनमधे लढला नि दुसरे राजपुरीच्या खाडीत.

जझीराचा गोतावळा तर अजून मोठा आहे. अल-जझीरा टीव्ही चॅनल आलंच. अल्जीरिया देशाचं नाव "अल-जझाइर", म्हणजे बेटं, अल्जिअर्स शहराच्या समोर छोटी बेटं होती त्यावरून, ती नंतर भर घालून किनाऱ्याला जोडली गेली. नाव बेटांचं आणि देश केवढा तर २०११ मधे सुदानचे दोन तुकडे झाल्यापासून आफ्रिकेतला सगळ्यात मोठा, त्यातला बराचसा सहारा. बेट शोधून सापडायचं नाही. स्पेनमधलं अल्हेसिरास बंदर ते पण जझीराच.

आणि जाता जाता, जंजिरा संस्थानाचा एक तुकडा गुजरातेत होता, काठियावाडच्या किनाऱ्यावर, जाफराबाद. जमिनीने काही संबंध नाही, नवाब एकच, मधे समुद्र. हे १९४८ पर्यंत चाललं. समुद्र अडसर असतो हे जमिनीवरच्या माणसांचं गणित आहे, गलबतवाल्याला तो रस्ताच.

"आमच्या रेवदंड्यात रशियन माणसाचं स्मारक आहे. वास्को द गामाच्या आधी भारतात आलेला पहिला युरोपियन तोच ना?"

पहिला म्हणू नका. आधी नक्की, पहिला नाही.

अफानासी निकितिन, व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. वाटेत कॅस्पियनजवळ लुटला गेला, रिकाम्या हाताने घरी जायची लाज नि कर्जाची भीती, म्हणून पुढेच सरकत राहिला. होर्मुझला एक घोडा घेतला, कारण हिंदुस्थानात चांगले घोडे पैदा होत नाहीत, बहमनी सुलतानाला लागतात, दाम दुप्पट मिळतो असं ऐकलेलं. १४६९ च्या सुमारास घोड्यासकट चौलला उतरला. पूर्ण भांडवल म्हणजे तो एक घोडा! तिथून जुन्नरला गेला तर तिथल्या असद खानाने घोडाच काढून घेतला, म्हणाला मुसलमान हो, घोडा पण देतो नि हजार मोहरा वर. एका खुरासानी व्यापाऱ्याने मधे पडून रदबदली केली म्हणून घोडा सुटला, नि पुढे बिदरला विकला गेला. फायदा काही झालेला दिसत नाही. त्याने लिहून ठेवलंय की मी जाईन तिथे लोक मागे येतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात. तीनेक वर्षं राहिला, आणि परत जायला तारू धरलं ते दाभोळहून. आलात चौलला नि गेलात दाभोळहून, म्हणजे आपल्याच दोन बंदरांच्या मधे त्याचा हिंदुस्थान बसतो. घरी मात्र पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला, वही तेवढी पोचली.

वास्को द गामा आला १४९८ ला, म्हणजे हा जवळजवळ तीस वर्षं आधी. पण १३२१ मधे ठाण्याला चार फ्रान्सिस्कन पाद्री मारले गेल्याची नोंद आहे, त्यांना नालासोपाऱ्यात पुरलं. आणि त्याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण, चौल अशी ओळीने नावं आहेत. चौलला तो "सेमिल्ला" म्हणतो. त्यामुळे रेवदंडेकरांनी छाती फुगवावी, पण पहिल्या नंबरासाठी नको.

"शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किमी शिकवला, आता पेपरात ८७८ आलं. समुद्राने जमीन खाल्ली की वाढवली?" — गुहागरच्या एक शिक्षिका

बाई, किनारा तेवढाच आहे, फूटपट्टी बदलली. भारताचा किनारा आधी ७,५१६ किलोमीटर धरत, आता ११,०९८ झालाय. जुनं माप १९७० च्या दशकात छोट्या प्रमाणाच्या नकाशावरून घेतलेलं, त्यात खाड्या-बिड्या सगळ्या सरळ रेघेत कापल्या जायच्या, आता मोठ्या प्रमाणाच्या नकाशावरून मोजलं.

पण यात एक असा घोळ आहे की जो कधीच सुटणार नाही, आणि तो मुलांना शिकवायला मस्त. मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा. एका गटाला शंभर फुटी दोर द्या, दुसऱ्याला हातभर काठी, तिसऱ्याला सुतळी. तोच पट्टा तिघांनी मोजला तर सुतळीवाल्यांचा आकडा सगळ्यात मोठा येणार कारण सुतळी प्रत्येक कातळाच्या कपारीत शिरते. मग मुंगीने मोजला तर? अजून मोठा. माप जितकं बारीक करत जाल तितका किनारा लांबत जातो. रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हे देशांच्या सीमांमधे दिसलं, स्पेन म्हणतो आमची पोर्तुगालशी सीमा ९८७ किलोमीटर, पोर्तुगाल म्हणतो १,२१४. सीमा एकच, भांडण नाही, फक्त लहान देशाने बारीक पट्टी लावलेली. मँडेलब्रॉट या गणितीने १९६७ मधे "ब्रिटनचा किनारा किती लांब" असा प्रश्न विचारून त्यावर पेपरच लिहिला.

जयगड, दाभोळ, बाणकोट, एवढ्या खाड्या ज्या किनाऱ्याला त्याचा आकडा लांबणारच. परीक्षेत मात्र बोर्डाच्या पुस्तकात जो असेल तोच लिहायला सांगा, मार्क मँडेलब्रॉट देत नाही.

"पेरू हे फळ पेरू देशातूनच आलं का?" — कुडाळ

झाड मूळ अमेरिका खंडातलं, आलं पोर्तुगीजांबरोबर, आणि एकटं नाही आलं. पपई, मिरची, बटाटा, अननस, काजू सगळे तिकडचे. काजू हा शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचा, "अकाजू", पोर्तुगीजांनी "काजू" केला, आपण तसाच ठेवला. अननस पण त्यांच्याच भाषेकडून. चिकू मेक्सिकोचा, त्याच्या चिकाचं च्युइंगम करायचे. कुडाळ-वेंगुर्ल्याच्या घाटीवर बसून काजूबिया फोडणाऱ्या बायका रोज एक ब्राझिलियन शब्द शंभर वेळा बोलतात. पाव तर पोर्तुगीज आहेच, आणि जपानी लोक पण पावाला "पान" म्हणतात, तिकडेही हेच गेले होते.

पेरूवरून आठवलं, टर्की नावाचा तो मोठा पक्षी, अमेरिकेतला. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्क त्याला "हिंदी" म्हणतात, फ्रेंच "दँद" म्हणजे हिंदुस्थानचा, डच "काल्कून" म्हणजे कालिकतचा, आणि पोर्तुगीज म्हणतात "पेरू". कोंबडा एक आणि पत्ता कुणालाच धड माहीत नाही.

"गणपतीची सरकारी सुट्टी देणारा भारताबाहेर दुसरा देश आहे का? चाकरमान्यांच्या सुट्टीवरून वाद चाललाय." — लांजा

आहे, मॉरिशस. गणेश चतुर्थी तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी, आणि त्याचं कारण आपलीच माणसं. बेट आधी निर्मनुष्य, १५९८ मधे डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं नि डोडो पक्षी संपवला. मग फ्रेंच, मग इंग्रज. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाला माणसं कमी पडायला लागली म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बहुतेक बिहारकडचे नि तमिळ, पण मुंबई बंदरातून कोकणातलेही बरेच गेले. ते उतरले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांची नातवंडं-पणतवंडं घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, समुद्रात विसर्जन करतात, आणि "झाकरी" नाचतात. झाकरी म्हणजे आपली जाखडी हो, तोच बाल्या डान्स, गोल धरून.

तुमच्या मुंबईच्या साहेबाने सुट्टी नाकारली तर हे सांगून बघा. आणि मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे आपली आरती उरकून प्रसाद वाटून होईतो त्यांची सुरू व्हायची असते.